डोंगराच्या माथी मारलेले अपघात

हिमालयात हिमस्खलनात माणसं गेली की दुसऱ्या दिवसापासून तीन वाक्यं फिरू लागतात. ‘निसर्गापुढे कुणाचं काही चालत नाही.’ ‘हिमस्खलन काय सांगून येतं?’ आणि तिसरं, थोडं भारावून म्हटलेलं: ‘डोंगरावर प्रेम करणाऱ्याला डोंगरानंच कुशीत घेतलं.’ शोकसभेत ही वाक्यं मी समजू शकतो. गेलेल्याच्या आईसमोर बसून उतार किती अंशांचा होता हे कुणी विचारत नाही, विचारूही नये. पण दिवसकार्य उरकतं, महिने जातात, पुढचा हिवाळा येतो, नव्या बॅचची नोंदणी सुरू होते, आणि तरीही तीच वाक्यं अपघाताची मीमांसा म्हणून पुढे केली जातात. पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंगच्या वर्तुळात, गिर्यारोहणावरच्या व्याख्यानांत, दिवाळी अंकांतल्या हिमालयावरच्या लेखांत. माझं भांडण तिथून सुरू होतं.

कारण यातलं मधलं विधान सपशेल चुकीचं आहे आणि बाकीची दोन त्याच्या आधाराने उभी आहेत. हौसेने बर्फात गेलेल्यांचे जीव घेणाऱ्या हिमस्खलनांत दहापैकी सुमारे नऊ वेळा बर्फ सुटतो तो बळी पडलेल्याच्या किंवा त्याच्याच गटातल्या कुणाच्या वजनाने. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या कित्येक दशकांच्या नोंदींतून हे प्रमाण पुन्हा पुन्हा समोर आलं आहे. म्हणजे त्या उतारावर, त्या दिवशी, त्या वेळी जायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं. ठरवणारा माणूस असतो. मग चौकशीची वेळ आली की डोंगराला का पुढे करायचं?

आधी बर्फ सुटतो कसा ते पाहू. ‘सांगून येत नाही’ म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांनी बर्फात कधी हातभर खड्डासुद्धा खणलेला नसतो. डोंगरावर साठलेला बर्फ वरून दिसतो तसा एकजीव नसतो. हिवाळ्यात जितक्या वेळा तो पडला तितके त्याचे थर. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पडलेला पातळ थर, त्यानंतर दोन-तीन आठवडे निरभ्र आकाश आणि कडाक्याची थंडी, हा क्रम हिमालयात नेहमीचा. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते, वरची हवा रात्री उणे पंधरा-वीस. बर्फ जितका पातळ तितका हा फरक थोडक्या जाडीत मावतो. मीटरभर जाडीमागे साधारण दहा अंशांहून जास्त फरक पडू लागला की खालच्या कणांतली वाफ वर सरकते, वरच्या कणांवर गोठते, आणि एकमेकांना धरून बसलेल्या बारीक कणांचे मोठे, कडा असलेले, सुटे दाणे होतात. मुठीत घ्या, जाड साखरेसारखे बोटांतून गळून जातात; कितीही दाबलं तरी गोळा होत नाही. मग जानेवारीत भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ येतो, दोन-तीन दिवस बर्फ टाकतो, वारा तो उचलून आडोशाच्या उतारांवर नेऊन दाबून बसवतो, आणि त्या सुट्या दाण्यांवर एक जड, सलग लादी तयार होते. ही लादी आठवडेच्या आठवडे गप्प पडून राहू शकते. तिच्यावर माणूस चढला, की त्याच्या भाराने खालचा कच्चा थर एका जागी चिरडतो, तो भंग थराच्या अंगाने चहूकडे पळतो आणि बघता बघता अख्खी लादी वरून तुटून निघते. तुटण्याची रेष बहुतेकदा माणसाच्या डोक्याच्या वर असते. तो लादीच्या कडेला नसतो, तिच्या मधोमध उभा असतो. उडी मारून बाजूला होण्याच्या गोष्टी सिनेमातच शोभतात.

यातला प्रत्येक टप्पा मोजता येतो. उताराच्या कडेला, जिथे काही सुटलं तरी अंगावर येणार नाही अशा जागी, पण त्याच दिशेला तोंड केलेल्या आणि तेवढ्याच चढाच्या तुकड्यावर मीटरभर खोल खड्डा खणायचा. वरच्या अंगाची भिंत फावड्याने उभी तासायची. मग हातमोज्यानिशी वरून खाली दाबत यायचं: कुठे मूठ आत जाते, कुठे चार बोटं, कुठे एकच बोट, कुठे फक्त पेन्सिलीचं टोक. वर पेन्सिलच जाते आणि तिच्याखाली मूठ सहज रुतते, असं आढळलं तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. त्यानंतर भिंतीतून 30 सेंटीमीटर लांब-रुंद खांब करवतीने मागून-बाजूने सुटा करायचा, त्याच्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवायचं आणि थापटायचं. दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कच्चा थर असेल तर अकराव्या, बाराव्या थापेला वरचा ठोकळा सुरीने कापल्यासारखा सरळ सुटतो आणि खड्ड्यात बसलेल्याच्या मांडीवर येऊन पडतो. एकदा हे मांडीवर पडलेलं पाहिलं की ‘सांगून येत नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही.

इथे प्रतिपक्ष लगेच म्हणेल की एका खड्ड्यावरून अख्ख्या डोंगराची खात्री कशी द्यायची? बरोबर आहे, देता येत नाही. दहा पावलांवर वाऱ्याने थर वेगळा बसवलेला असू शकतो. म्हणून या चाचणीचा उपयोग एकाच बाजूने करायचा असतो. ठोकळा सुटला तर मागे फिरायचं. सुटला नाही म्हणून उतार पास झाला असं मानायचं नाही. आणि खड्डाही नको असेल तर बर्फ फुकटात सांगतो ते तरी ऐका. चालताना पायाखाली ‘धप्प’ असा बसका आवाज येऊन आसपासचा बर्फ किंचित खचला, तर कच्चा थर तुमच्या भाराने कोसळला आहे. पावलापासून बर्फात भेग पळत गेली, तर वरची लादी ताणाखाली आहे. समोरच्या त्याच दिशेच्या उतारावर कालचं ताजं स्खलन दिसतंय, तर आणखी पुरावा कसला हवा? रात्रभर वारा वाहिला, आडोशाचा उतार गुबगुबीत गुळगुळीत झाला, दुपारी उन्हाने बर्फ एकदम ओला झाला. या खुणा वाचायला पदवी लागत नाही. बॅचमधले पंचवीस जण मात्र ‘धप्प’ झालं की हसतात आणि पुढे चालू लागतात, कारण त्याचा अर्थ कुणी त्यांना सांगितलेला नसतो.

याहूनही सोपी गोष्ट उताराचा कोन. लादीची स्खलनं बहुतांशी 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात. सर्वांत वाईट 38 च्या आसपास. तीसच्या खाली लादी सहसा सरकत नाही, आणि साठाच्या वर बर्फ फार साठतच नाही, पडता पडता घसरून जातो. आता हे आकडे सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरच्या नजरेने पाहा. आमची भीती कड्यांवर घडलेली. लिंगाणा, तैलबैला, ढाक बहिरीची वाट. जितकं उभं तितकं जोखमीचं, पायाखाली जितकी पोकळी तितकं काळीज धडधडणार, हा आमचा हिशोब, आणि सह्याद्रीत तो अगदी बरोबर आहे. त्या हिशोबाने 35 अंशांचा बर्फाळ उतार म्हणजे किरकोळ मामला. असल्या गवताळ उतारावरून आम्ही बोलत बोलत उतरतो. हिमालयातला हिवाळा नेमका या हिशोबाला फसवतो. तिथला उभा कडा त्या मानाने निर्धोक, आणि फोटो काढायला थांबावंसं वाटेल असा सौम्य, पांढराशुभ्र, झाडं नसलेला उतार घातकी. झाडं का नाहीत, हेही विचारायला हवं. पुष्कळदा त्याचं उत्तर असं, की दर काही वर्षांनी तिथून बर्फ येतो आणि रोपं मोडून नेतो. शिवाय स्वतः सपाटीवर असलं म्हणून सुटका नाही. वरच्या उतारावरून सुटलेला बर्फ खालच्या मैदानात बराच आत येतो, आणि आमचे तंबू वाऱ्याचा आडोसा म्हणून बरोबर त्या पायथ्याशी लागलेले असतात. ‘शंभर गड केले आहेत’ ही पात्रता दमसासाची आहे. बर्फाशी तिचा संबंध नाही.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ: अमुक उतार अमुक वाजता सुटेल हे जगात कुणीही सांगू शकत नाही. कबूल. कुणीही सांगू शकत नाही. पण ते सांगण्याची गरजच काय? कुठल्या दिवशी कुठल्या उंचीवरचे, कुठल्या दिशेचे उतार टाळायचे एवढं कळलं तरी पुरतं, आणि तेवढं सांगण्याचं शास्त्र जुनं आहे. स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या संस्थेकडून हिमस्खलनाची पत्रकं 1945 पासून निघताहेत. आपल्याकडे संरक्षण खात्याने 1969 मध्ये मनालीत ‘सासे’ ही हिम आणि हिमस्खलन अभ्यासाची संस्था काढली. 2020 मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन होऊन चंडीगडची ‘डीजीआरई’ झाली. जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडसाठी जिल्हावार इशारे हीच संस्था देते. म्हणजे सांगणारा आहे.

28 फेब्रुवारी 2025 ची सकाळ आठवा. बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या मजुरांच्या छावणीवर बर्फ आला. 54 जण सापडले, 8 गेले, 46 वाचले. आदल्या संध्याकाळीच डीजीआरईने चमोलीसह उत्तराखंडच्या पाच जिल्ह्यांत 2400 मीटरच्या वर 24 तासांसाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता. माणा त्याहून कितीतरी वर, 3200 मीटरवर. इशारा होता, तो लागू पडणारा होता, आणि मजूर रात्री तिथेच कंटेनरमध्ये झोपले होते. या घटनेला ‘सांगून आलं नाही’ हे वाक्य लावून दाखवा. प्रश्न इशारा आणि कंटेनर यांच्यामधल्या अंतराचा आहे. कागद कुणाकडे आला, त्याने कुणाला फोन केला, छावणी हलवायचा अधिकार कुणाला होता. नेपाळमध्ये ऑक्टोबर 2014 मध्ये तेच. हुदहुद चक्रीवादळ 12 तारखेला विशाखापट्टणमला धडकलं, देशभरच्या बातम्यांत होतं, दोन दिवसांनी त्याचे ढग अन्नपूर्णा परिसरात पोचले आणि 5416 मीटरच्या थोराँग ला खिंडीच्या आसपास हिमवादळात आणि हिमस्खलनांत किमान 43 माणसं गेली. वादळ बंगालच्या उपसागरातून चालत आलं होतं. खिंडीखालच्या लॉजमध्ये त्याची बातमी तेवढी आली नव्हती.

एक सवलत मी प्रामाणिकपणे देतो. टांगत्या हिमनदीचा कडा तुटतो तेव्हा त्याला माणसाचं वजन लागत नाही. 18 एप्रिल 2014 ला एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातावर असाच कडा कोसळून 16 नेपाळी कामगार गेले. दुसऱ्या वर्षी 25 एप्रिलला भूकंपाने सुटलेलं स्खलन थेट बेसकॅम्पवर आलं. या दोन्हीचा मुहूर्त कुणाला ठाऊक नव्हता. तिथे हातात उरतं ते एवढंच की त्या खाली कमीत कमी वेळ काढायचा. पण एव्हरेस्टवरच्या या दाखल्याची ढाल करून केदारकंठा नि ब्रह्मतालच्या हिवाळी बॅचचं समर्थन करायचं, ही चलाखी झाली. तिकडे धोका टाळायला वाट नव्हती, इकडे वाटांचा तुटवडा नाही.

पुढचा मुद्दा फार प्रेमाने मांडला जातो: ‘आमचा गाईड तिथलाच आहे, पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात राहणारा.’ स्थानिकांच्या जाणतेपणाबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि म्हणूनच म्हणतो की तो जाणतेपणा तुमच्या बाजूने साक्ष देत नाही. लाहौलमध्ये 1979 च्या मार्चमध्ये हिमस्खलनांनी दोनशेहून जास्त माणसं नेली. तिथल्या म्हाताऱ्यांना कुठल्या नाल्याचं तोंड हिवाळ्यात ओलांडायचं नाही हे सांगावं लागत नाही. त्यांच्या शहाणपणाचं सार बहुतेक वेळा ‘बर्फ पडल्यावर जाऊ नका’ एवढंच असतं. तुम्ही त्यांच्याच नातवाला हिवाळ्यात पगार देऊन जायला लावता. आणि हा मुलगा कोण असतो? विशी-बाविशीतला, मोसमी रोजंदारीवरचा, पुष्कळदा दुसऱ्या खोऱ्यातून आलेला. बॅच माथ्यावर गेली तर बक्षिसी, चांगला शेरा, पुढच्या आठवड्याचं काम. मागे फिरवली तर पंचवीस नाराज चेहरे आणि मालकाचा फोन. ज्याला ‘नाही’ म्हणायचे पैसे मिळत नाहीत, उलट म्हटल्यास जातात, त्याच्या खांद्यावर सगळ्यांचा जीव टाकायचा आणि वर त्याला अनुभवाचं प्रमाणपत्र द्यायचं.

‘पण जाणकारही गेलेच ना?’ गेले. 4 ऑक्टोबर 2022 रोजी द्रौपदी का डांडा-2 या 5670 मीटरच्या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्रगत अभ्यासक्रमाचा गट हिमस्खलनात सापडून हिमभेगेत लोटला गेला. 27 मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांच्या अंतराने एव्हरेस्ट आणि मकालू चढलेली सविता कंसवाल तिथे प्रशिक्षक होती, तीही गेली. फेब्रुवारी 2010 मध्ये गुलमर्गच्या वर खिलनमर्गला प्रशिक्षण घेणारे लष्कराचे 17 जवान गेले. या नावांपुढे ‘अज्ञान’ हा शब्द कुणी उच्चारणार नाही, मीही नाही. पण त्यावरून ‘मग शिकून उपयोग काय’ असा निष्कर्ष काढणारे एक गोष्ट विसरतात. जाणकार कसे सापडतात, याचाही अभ्यास झालेला आहे.

इयन मॅकॅमन या अमेरिकन संशोधकाने अमेरिकेतले 700 हून अधिक हिमस्खलन अपघात तपासून 2004 मध्ये मांडणी केली. त्याला दिसलं की धोक्याच्या खुणा बहुतेक ठिकाणी समोर होत्या. माणसं त्यांच्याकडे दुर्लक्ष करून गेली, आणि जाण्याची कारणं तीच तीच होती. जागा ओळखीची आहे. ठरवलंय तर करूच. गटातला एक जण तज्ज्ञ आहे, तो बघेल. दुसरे गट पुढे चाललेत, त्यांच्या पावलांचे ठसे आहेत. ओळखीच्या जागी तर प्रशिक्षण घेतलेल्यांची सावधगिरी न घेतलेल्यांपेक्षा फारशी वेगळी राहत नव्हती. 19 फेब्रुवारी 2012 ला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्टीव्हन्स पासजवळ टनेल क्रीकच्या उतारावर तरबेज स्कीअर्सचा सोळा-एक जणांचा गट उतरला, तिघे गेले. त्यातल्या कित्येकांच्या मनात शंका होती, पण इतके मोठे लोक सोबत आहेत म्हटल्यावर कुणी तोंड उघडलं नाही. हे वाचताना मला आपल्याकडचा ‘सर’ आठवतो. कुठल्याही मराठी ट्रेकिंग ग्रुपमध्ये एक सर किंवा दादा असतो, त्याने वीस वर्षं डोंगर तुडवलेले असतात, आणि तो म्हणाला ‘चला’ की चालायचं असतं. दुसऱ्यांदा आलेली मुलगी ‘सर, आत्ता काहीतरी धप्प वाजलं’ असं म्हणेल? म्हटलं तर पुढचा सगळा ट्रेक तिला चिडवलं जाईल.

ठशांची गोष्ट तर आमच्या म्हणीलाच तोंडघशी पाडते. पुढच्याला ठेच लागली तर मागचा शहाणा होतो. बर्फात पुढच्या पाच जणांना काहीच होत नाही आणि सहाव्याच्या पायाखाली लादी पातळ असते. पाच जण पार गेले हा सहाव्यासाठी पुरावा नाही. म्हणून संशयाच्या उतारावरून एकेकाने जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून नजर ठेवायची, हा नियम आहे. आणि आपल्या बॅचेस? पंचवीस जण, एका रांगेत, पाठीला पोट लावून, मोबाइल उंच धरून.

या रांगेला माथ्याकडे ढकलणारी खरी शक्ती मात्र डोंगरात नसते, पुण्यातल्या ऑफिसच्या रजेच्या अर्जात असते. शुक्रवारी रात्री निघायचं, पुढच्या रविवारी परत, सोमवारी लॉगिन. डेहराडूनपर्यंतचं तिकीट, सांक्रीपर्यंतची गाडी, पहिला मुक्काम, दुसरा मुक्काम, चौथा दिवस ‘समिट डे’. हे वेळापत्रक ऑगस्टमध्ये छापलं जातं, जेव्हा त्या उतारावर गवत असतं. राखीव दिवस ठेवला तर खर्च वाढतो आणि स्पर्धक स्वस्त पडतो, म्हणून ठेवत नाहीत. मग समजा तिसऱ्या दिवशी विक्षोभ येऊन गेला आणि चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. सगळ्यांना वाटतं, देव पावला. नवीन बर्फाचा भार बसल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस हेच सर्वांत घातकी असतात, आणि माणसं त्यातल्या पहिल्याच निळ्या सकाळी बाहेर पडतात. माहितीपत्रकात ‘हवामानानुसार बदल होऊ शकतो’ अशी ओळ असते खरी, पण बदल झाला तर पैसे परत मिळतात का ते कुठेच छापलेलं नसतं.

इशारे वाचण्यातही आमची एक खास खोड आहे. धोक्याची पातळी 1 ते 5 मध्ये सांगतात. पाचपैकी तीन म्हटलं की मराठी डोक्यात साठ टक्के, फर्स्ट क्लास. प्रत्यक्षात या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. प्रत्येक पायरीला धोका कित्येक पटींनी चढतो. स्वित्झर्लंडमध्ये सर्वाधिक बळी जातात ते तिसऱ्या पातळीच्या दिवशी. चार-पाचला लोक घाबरून घरीच थांबतात. तीनला ‘बघू या’ म्हणून निघतात.

आणि केवळ चढणाऱ्यांचाच हा विषय आहे असंही नाही. 4 एप्रिल 2023 ला सिक्कीममध्ये गंगटोकहून नथु ला कडे जाणाऱ्या रस्त्यावर सात पर्यटक गेले. त्यांना परवानगी तेराव्या मैलापर्यंत होती, माणसं पंधराव्या मैलापर्यंत गेली आणि बर्फात खेळायला रस्त्याखाली उतरली. वर एक अख्खा भरलेला उतार होता. कुणी मान वर करून पाहिला नसावा.

‘बर्फाखाली सापडलं तरी माणूस वाचतो की, सियाचीनचा तो जवान सहा दिवसांनी जिवंत निघाला होता!’ लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड. फेब्रुवारी 2016 मध्ये सोनम चौकीवर त्याच्यासह दहा जण गाडले गेले. तो सहा दिवसांनी जिवंत मिळाला आणि 11 तारखेला दिल्लीच्या रुग्णालयात गेला. त्याच्या चिवटपणाला सलाम, पण या एका घटनेवर बेत आखू नयेत. त्याच्याभोवती निवाऱ्याची पोकळी होती. माण्यातले मजूरही पुष्कळसे कंटेनरमुळे वाचले. उघड्यावर गाडलेल्याकडे स्वतःच्या नाकातोंडापुढची जागा तेवढी असते. स्वित्झर्लंडच्या नोंदींवरचा 2024 मधला अभ्यास सांगतो की पूर्ण गाडलेल्याला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहांतले नऊ वाचतात. दहा ते तीस मिनिटांच्या दरम्यान हे प्रमाण तिघांत एकावर येतं. दहा मिनिटांत हेलिकॉप्टर येत नाही, आयटीबीपी येत नाही, एसडीआरएफ येत नाही. येतो तो बाजूला उभा असलेला मित्र. त्याच्याकडे 457 किलोहर्ट्‌झवर चालणारं बीकन नसेल तर कुठे शोधायचं ते कळत नाही, लांब प्रोब नसेल तर नेमकी जागा आणि खोली कळत नाही, आणि फावडं नसेल तर थांबल्यावर दगड झालेला बर्फ हातांनी उकरता येत नाही. बेसकॅम्पला गेटर, मायक्रोस्पाइक, काठ्या, गॉगल, सगळं भाड्याने मिळतं. या तीन वस्तू मागून पाहा. ‘महाग आहेत’ हे उत्तर मला पटत नाही. ज्या बॅचमध्ये ड्रोन असतो तिथे फावड्याला पैसे नाहीत?

शेवटचा युक्तिवाद स्वाभिमानाचा: ‘धोकाच नको असेल तर घरी बसा. साहस म्हणजे जोखीम.’ मान्य, पण जोखीम पत्करायला ती आधी ठाऊक असावी लागते. दहा-बारा हजार रुपये भरून आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहायला आलेल्या बावीस वर्षांच्या पोराला समोरचा उतार 36 अंशांचा आहे, तीन दिवसांपूर्वी त्यावर दोन फूट बर्फ पडला आहे, खाली साखर आहे, हे कुणी सांगितलं का? सांगितलं आणि तरी तो गेला, तर ते त्याचं साहस. न सांगता नेलं, तर जोखीम घेतली दुसऱ्यानेच, जीव याचा लावून. आणि याच्या उलट टोकाचे, ‘बंदच करा सगळे ट्रेक’ म्हणणारे, तेही माझ्या मते याच पंथाचे. निसर्गाला दोष द्या किंवा सरसकट बंदी घाला, दोन्हीकडे एक सोय सारखी: नेमकं काय चुकलं हे विचारावं लागत नाही. हिवाळ्यात तीस अंशांच्या आतल्या, वर भरलेले उतार नसलेल्या उत्तम वाटा हिमालयात ढिगाने आहेत. जंगलातून जाणाऱ्या, धारेधारेने जाणाऱ्या. तिथे मजा कमी येते असं म्हणणाऱ्याने ती एकदा करून पाहावी.

कोलोरॅडोत हिमस्खलनात माणूस दगावला की तिथलं सरकारी केंद्र तपास करून अहवाल सर्वांसाठी खुला करतं. उताराचा कोन, दिशा, उंची, कुठला थर सुटला, आधीच्या दिवसांत किती बर्फ पडला, वारा कुठून होता, गट कसा चालला होता, कुणी काय ठरवलं. नावं ठेवण्यासाठी नव्हे, पुढच्याला वाचता यावं म्हणून. आपल्याकडे माणूस गेला की उंची, शिखराचं नाव आणि मृतांचा आकडा एवढंच हाती लागतं, आणि थोडक्यात बचावलेल्या गटांची तर नोंदच होत नाही. ते रोमहर्षक किस्से म्हणून सांगितले जातात. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांना याची सुरुवात करायला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. हिमालयात गेलेल्या प्रत्येक गटाने परतल्यावर दोन पानं लिहावीत: कुठे ‘धप्प’ वाजलं, कुठे भेग पळाली, कुठे मागे फिरलो, कुठे फिरायला हवं होतं आणि फिरलो नाही. मराठीत लिहिली तर आणखी बरं. माथा गाठल्याच्या स्मरणिका आपण मराठीत छापतोच.